कनेक्शन बंद करूनही फायबरचं बिल येतंय, कंपनी म्हणते "आधी भरा, मग बघू". काय करावं?

प्रश्न थोडक्यात: घर बदलल्यामुळे १२ जूनला ॲपवरून फायबर कनेक्शन बंद करायची विनंती टाकली. प्लॅन ७९९ रुपयांचा, जूनअखेरपर्यंतचे पैसे भरलेले, सुरुवातीला १,००० रुपये डिपॉझिट दिलेलं. राउटर कंपनीचा माणूस येऊन घेऊन गेला, पावती दिली नाही. तरी जुलैचं बिल आलं आणि आता ऑगस्टचं ४,९५३ रुपये ६४ पैशांचं आलंय. कस्टमर केअर म्हणतं, आधी भरा, नंतर ॲडजस्ट करू.

उत्तर:

भरू नका. पण त्याआधी एक काम आजच उरका: ऑटोपे लावलेला असेल तर तो रद्द करा. कनेक्शन बंद झालं म्हणून मँडेट, म्हणजे खात्यातून पैसे कापायला तुम्ही दिलेली परवानगी, आपोआप बंद होत नाही. बिलांच्या ऑटोपेमध्ये १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम ओटीपी न विचारता कापता येते. कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो खरा, पण तो जाहिरातींच्या गर्दीत कोण बघतं? यूपीआयचा मँडेट असेल तर ज्या ॲपमधून दिला त्यातल्या ऑटोपे विभागात, कार्डावर असेल तर बँकेच्या ई-मँडेट पानावर, आणि ई-नॅच (थेट बँक खात्यावर दिलेला मँडेट) असेल तर बँकेत अर्ज देऊन रद्द करा. ॲपमधून नुसतं कंपनीचं खातं काढून टाकलं तर मँडेट तसाच राहतो.

आता "आधी भरा" याबद्दल. चालू कनेक्शन असतं तर सल्ला उलटा दिला असता. तिथे वादात नसलेली रक्कम मुदतीत भरायची आणि उरलेल्या रकमेची तक्रार करायची, नाहीतर लेट फी लागते आणि सिस्टिम लाइन कापते. चालू खात्यावर चुकीची रक्कम पुढच्या बिलातून वजा होऊ शकते. बंद खात्याला पुढचं बिलच नाही, मग ॲडजस्ट कशात करणार? एकदा पैसे गेले की ते रिफंड म्हणून मागावे लागतात. त्यासाठी बँकेचा तपशील आणि कॅन्सल केलेला चेक द्यावा लागतो, आणि फाइल वेगळ्याच टेबलावर जाते. फोनवरच्या मुलाला हे माहीत असतं किंवा नसतं, पण त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर "थकबाकी भरून घ्या" एवढंच असतं.

बिल उघडा आणि ओळ न् ओळ वाचा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ते बहुधा असं बनलंय: जुलैचं भाडं ७९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १४३.८२, मिळून ९४२.८२, हे "मागील बाकी" म्हणून वर आलं. मग ऑगस्टचं भाडं ७९९, लेट फी १००, आणि "उपकरण परत न केल्याबद्दल" २,५००. हे तीन मिळून ३,३९९, त्यावर जीएसटी ६११.८२, म्हणजे ४,०१०.८२. दोन्हीची बेरीज बरोबर ४,९५३.६४ होते. तुमच्या बिलात ओळी वेगळ्या असल्या तर त्या आकड्यांनी हिशोब मांडा, पद्धत तीच. लेट फीवरही १८ टक्के कर लागलाय हे बघा. चुकीची ओळ उडवून घ्याल तेव्हा तिच्यावरचा करही उडाला पाहिजे. लेट फी माफ झाली की १०० नाही, ११८ कमी व्हायला हवेत. कंपन्या बऱ्याचदा मूळ रक्कम तेवढी वजा करतात आणि १८ रुपये तसेच लोंबकळत राहतात. पुढच्या महिन्यात त्या १८ रुपयांवर पुन्हा लेट फी.

यातली मुळातली चूक एकच आहे: खातं सिस्टिममध्ये बंद झालंच नाही. बाकीच्या ओळी त्यातून आपोआप तयार झाल्या. म्हणून तक्रारीत लेट फीवर भांडत बसू नका, बंद होण्याच्या तारखेवर बोट ठेवा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या सेवादर्जाच्या नियमांत कनेक्शन बंद करायला साधारण सात दिवस धरलेले आहेत. म्हणजे १२ जूनची विनंती १९ जूनपर्यंत मार्गी लागायला हवी होती. २० ते ३० जून या अकरा दिवसांचं भाडं तुम्ही आगाऊ भरलेलं आहे: ७९९ गुणिले ११ भागिले ३०, म्हणजे २९२.९७, करासह ३४५.७०. हे मागाच, पण अर्जावरच्या अटी एकदा वाचा. चालू महिन्याचं भाडं परत मिळणार नाही असं काही कंपन्या लिहून ठेवतात. डिपॉझिटला मात्र अशी पळवाट नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे ते ४५ दिवसांत परत द्यायचं आहे. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी नसतो, त्यामुळे १,००० पूर्ण आले पाहिजेत. म्हणजे हिशोब फिरला: तुम्ही ४,९५३ देणं लागत नाही, कंपनीच तुम्हाला १,००० ते १,३४५.७० देणं लागते. तक्रार याच भाषेत लिहा.

राउटरची पावती नाही, ही तुमची एकमेव कच्ची बाजू. पण ती वाटते तेवढी कच्ची नाही. फायबरचा तो डबा म्हणजे ओएनटी. त्याच्या खालच्या स्टिकरवर सिरियल नंबर आणि मॅक पत्ता असतो. तुमच्याकडे फोटो नसेल तर कनेक्शन जोडताना आलेला मेसेज, ईमेल किंवा ॲपमधलं "माझं उपकरण" हे पान बघा. तो नंबर देऊन कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: हा ओएनटी शेवटचा ऑनलाइन कधी होता, तो आता कोणाच्या नावावर किंवा कोणत्या गोदामात दाखवतोय, आणि तो न्यायला कोणता माणूस कोणत्या तारखेला पाठवला होता. उपकरण दुसऱ्या ग्राहकाकडे लागलं असेल तर ते त्यांच्याच नोंदीत सापडतं. तुमच्या बाजूने लाइनमनचा कॉल लॉग, त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲप, सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमधली किंवा ॲपमधली त्या दिवशीची एंट्री जोडा. गेटवरची एंट्री काढायला उशीर करू नका, जुन्या नोंदी कायम राहत नाहीत.

तक्रार नोंदवताना इथे बहुतेक जण फसतात. फोनवर बोललात की ते "सर्व्हिस रिक्वेस्ट" किंवा "चौकशी" म्हणून टाकतात. रिक्वेस्ट दोन दिवसांत आपोआप "सोडवली" म्हणून बंद होते आणि तिच्यावर अपील करता येत नाही. स्पष्ट सांगा, "बिलिंगची तक्रार म्हणून नोंदवा आणि डॉकेट नंबर द्या." हा तक्रारीचा नोंदणी क्रमांक देणं २०१२ च्या तक्रार निवारण नियमावलीप्रमाणे कंपनीवर बंधनकारक आहे. तो हातात पडला की त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत ईमेलवर, तोच नंबर विषयात टाकून, असं पाठवा:

"ग्राहक क्रमांक अमुक. १२ जून रोजी ॲपवरून कनेक्शन बंद करण्याची विनंती केली (स्क्रीनशॉट सोबत). ३० जूनपर्यंतचे पैसे भरलेले आहेत. त्यानंतर सेवा वापरलेली नाही. तरी जुलै व ऑगस्टचं भाडं, लेट फी व उपकरणाचे २,५०० रुपये आकारले आहेत. ही संपूर्ण ४,९५३.६४ रुपयांची आकारणी मला अमान्य आहे. सदर ओएनटी, सिरियल क्रमांक अमुक, तुमच्या प्रतिनिधीने अमुक तारखेला नेला. खातं १९ जूनपासून बंद दाखवून आकारणी रद्द करणारी क्रेडिट नोट द्यावी, डिपॉझिटचे १,००० रुपये व ११ दिवसांचं भाडं ३४५.७० रुपये खाली दिलेल्या बँक खात्यात जमा करावेत, आणि काही बाकी नसल्याचं नो ड्यूज पत्र द्यावं."

बास, एवढंच. मनस्ताप, धमक्या, पंतप्रधानांना टॅग, काही नको. वाचणाऱ्याला तारीख, ओळ आणि रक्कम सापडली की त्याला टाळाटाळ करायला जागा उरत नाही. मराठीत लिहिलं तरी चालतं. फक्त कंपनीचं बॅक ऑफिस बाहेरच्या राज्यात असेल तर खाली इंग्रजी भाषांतर जोडा, म्हणजे "समजलं नाही" हे कारण राहत नाही. बंद केल्यावर ॲपचं लॉगिन कधीही जाऊ शकतं, तेव्हा विनंतीचा स्क्रीनशॉट आणि सगळ्या बिलांच्या पीडीएफ आधी उतरवून ठेवा.

बिलिंगच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे धरा. निकाल लागल्यावर क्रेडिट आठवड्याभरात दिसायला हवं. उत्तर आलंच नाही, किंवा पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. निकाल मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत, डॉकेट नंबर देऊन. फी नाही. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. आधी ते दोन सदस्यांच्या सल्लागार समितीपुढे जातं, त्यातला एक ग्राहक संघटनेचा असतो. हा ईमेल पत्ता कंपनीच्या साइटवर अगदी तळाशी बारीक अक्षरात असतो. ट्रायच्या ग्राहक तक्रार पोर्टलवरही कंपनीवार यादी आहे. माझ्या मते सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात कामाचं दार हेच. इथे बसलेल्या माणसाला रक्कम माफ करायचा अधिकार असतो, फोनवरच्याला नसतो.

ट्रायला मात्र स्वतःच्या बिलाबद्दल लिहू नका, ते वैयक्तिक तक्रारी हाताळत नाहीत. त्याऐवजी केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून तक्रार टाका, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथून प्रकरण कंपनीच्या, अशा तक्रारी बघणाऱ्या नोडल टीमकडे जातं आणि एवढ्या रकमेचे वाद बहुतेकदा तिथेच मिटतात. नाहीच मिटला तर जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती पोर्टलवरून. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. "दूरसंचारचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत" असं उत्तर कंपनीच्या वकिलाकडून आलं तर घाबरू नका. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो मुद्दा निकाली काढला आहे, चालतात.

हे उत्तर बंद केलेल्या कनेक्शनचं झालं. चालू कनेक्शनवाल्यांसाठी थोडं. पहिलं बिल दुप्पट दिसतं ती बहुतेकदा चूक नसते. ५९९ चा प्लॅन, १८ तारखेला जोडणी, महिना तीस दिवसांचा: तेरा दिवसांचे २५९.५७, पुढच्या महिन्याचे आगाऊ ५९९, वर कर, मिळून १,०१३.११. जाहिरातीतली किंमत करावेगळी असते हे विसरायचं नाही, ५९९ म्हणजे हातातून जाणारे ७०६.८२. लाइन तीन कामकाजाच्या दिवसांहून जास्त बंद राहिली तर सात दिवसांच्या भाड्याची सूट मिळते, सात दिवसांपुढे पंधरा दिवसांची, पंधरापुढे पूर्ण महिन्याची. मात्र बिघाडाची तक्रार नोंदलेली असेल तरच. लाइन आपोआप सुरू होईल म्हणून वाट बघणाऱ्याला काहीच मिळत नाही.

बिल दोनदा भरलं गेलं तर दोन प्रकार ओळखा. यूपीआयने पैसे गेले पण कंपनीला पोचल्याची खात्री झाली नाही, तर पाच दिवसांत ते परत यायला हवेत, पुढे रोज १०० रुपये भरपाई. ही तक्रार बँकेकडे करायची. दोन्ही वेळा यशस्वी झालं असेल तर बँक हात वर करते. पैसे कंपनीकडे आगाऊ म्हणून पडलेले असतात, तिच्याकडेच बारा आकडी संदर्भ क्रमांक देऊन मागायचे.

गल्लीतल्या केबलवाल्याकडून नेट घेतलं असेल तर दुखणं वेगळंच. पैसे त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर जातात आणि तो सिस्टिममध्ये रिचार्ज उशिरा टाकतो, किंवा कमी दिवसांचा प्लॅन टाकतो. पैसे दिल्या दिवशीच पोर्टलवर संपण्याची तारीख बघा आणि शक्यतो कंपनीच्या लिंकवरूनच भरा.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, जुन्या बिलावरूनच घ्या. रिफंडसाठी कोणी स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला किंवा यूपीआय पिन घालायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे मिळवायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

तुमच्या बाबतीत मधल्या काळात वसुली एजन्सीचे फोन किंवा कुठल्या तरी वकिलाच्या नावाने "लोकअदालत नोटीस" येण्याची शक्यता बरीच आहे. फोनवर हुज्जत घालू नका. डॉकेट नंबर सांगा, रक्कम वादात आहे हे एका ओळीत लेखी कळवा आणि तेच ईमेल कंपनीला पुढे पाठवा. "अर्धे भरा, मिटवून टाकू" या ऑफरला हो म्हणू नका. त्यात थकबाकी मान्य केल्यासारखं होतं आणि क्रेडिट रेकॉर्डवर "सेटल्ड" शेरा बसण्याचा धोका राहतो. शून्य बाकीचं बिल आणि नो ड्यूज पत्र दोन्ही हातात येईपर्यंत जुना मोबाइल नंबर त्या खात्यावरून काढू नका, कारण त्यांचे सगळे मेसेज त्याच नंबरवर येणार.