नवीन मॅडम, तिसरीचा वर्ग मिळालाय म्हणून

मॅडम, गुण्य (जिला गुणायचं ती संख्या), गुणक (जिनं गुणायचं ती), गुणाकार (येणारं उत्तर) हे तीन शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहू नका. मी लिहिले होते. पोरांनी पोपटासारखे पाठ केले आणि उदाहरणात गुणक कुठला विचारल्यावर माझ्याच तोंडाकडं बघत बसली.

आपल्या कोल्हापूरच्या पोरांनी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, बघितलेले असतात. एका रांगेत 6 रवे, अशा 4 रांगा मांडा (खडूचे डबेही चालतील). 6 × 4 मध्ये 6 गुण्य, 4 गुणक, 24 गुणाकार. आता पोराला बाजूला नेऊन उभं करा. तिकडनं रांगेत 4 आणि रांगा 6 दिसतात, रवा मात्र एकही हललेला नसतो! ‘सहा चोक चोवीस’, ‘चार सक चोवीस’ दोन्ही म्हणून घ्या. क्रम बदलला तरी उत्तर तेच, याला क्रमनिरपेक्षता म्हणतात, हे नाव नंतर सांगितलं तरी चालतंय. वजाबाकीत अशी अदलाबदल चालत नाही, हे मात्र त्याच तासाला दाखवा.

14 × 7 ला पोरं अडणारच. 14 फोडा: 10 सत्ते 70, 4 सत्ते 28, बेरीज 98. हाच वितरणाचा गुणधर्म. पुढं उभ्या मांडणीचा गुणाकार याच्यावरच उभा आहे, म्हणून इथं आठवडा गेला तरी जाऊ द्या.

1 नं गुणलं की संख्या तीच, हे पटकन होतं. शून्याला मात्र पोरं 5 × 0 = 5 लिहितात, बेरजेची सवय. पाच रिकाम्या ताटल्या ठेवा आणि वड्या मोजायला सांगा.