सिमेंटची गोणी खाली ठेवा : वारसा-जतनातल्या करिअरविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : बारावी विज्ञान झाली. जुन्या वास्तूंच्या जतनाची थेट पदवी घेऊ का?
उत्तर : आधी पाच वर्षांचं बी.आर्क. (वास्तुशास्त्राची पदवी) करा, मग संवर्धनातलं पदव्युत्तर शिक्षण. दिल्लीची एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) किंवा अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ पाहा. प्रवेशाचे नियम संस्थेलाच विचारा, क्लासवाल्यांना नको.

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एमएस्सी आहे. मला जागा आहे?
उत्तर : आहे. दगडातले क्षार, भित्तिचित्रांचे रंग हे तुमचंच काम. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा डेहराडूनला आहे.

प्रश्न : तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, 'हेरिटेज कन्सल्टंट' प्रमाणपत्र आणि नोकरीची हमी. फी भरू?
उत्तर : नको. हमी लेखी मागून पाहा, फोन उचलणं बंद होईल.

प्रश्न : सिव्हिल डिप्लोमा झालाय. आमचा गट किल्ल्यावर श्रमदान करतो. पावसाळ्याआधी ढासळलेला तट सिमेंटने बांधायचाय, निधी जमलाय. हा अनुभव धरतील ना?
उत्तर : गुन्हा म्हणून धरतील. किल्ला संरक्षित असेल तर परवानगीशिवाय एक चिराही हलवता येत नाही. केंद्राच्या ताब्यातल्या किल्ल्यांना १९५८चा कायदा लागू आहे, राज्याच्या किल्ल्यांसाठी राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे जावं लागतं.

परवानगी मिळाली तरी सिमेंट नकोच. सह्याद्रीतला काळा पाषाण पाणी फारसं पीत नाही. तटाच्या पोटात मुरलेलं पाणी बाहेर पडतं ते चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटींतून. त्या सिमेंटने बुजवल्या की पाणी आत कोंडतं, भराव फुगतो आणि तटाला पोट येतं. पुढे ते सिमेंट फोडताना मूळ चिऱ्यांच्या कडा उडतात. काही तट तर कोरड्या रचाईचे, त्यात चुनासुद्धा नव्हता! 'चुन्यात गूळ, बेलफळ, उडीद घाला' या व्हॉट्सॲपवरच्या पाककृतीही बंद करा. प्रमाण मूळ चुन्याचा नमुना तपासल्यावर ठरतं. आणि तटातला पिंपळ उपटू नका, मुळांबरोबर चिरे निघतात.

अनुभव हवाय ना? मग तटाची मापं घ्या, नकाशा काढा, प्रत्येक भेगेचा तारखेसह फोटो ठेवा आणि ती वही घेऊन संवर्धन वास्तुविशारदाकडे जा. मात्र पावसाळ्याआधी जा. तट पडल्यावर बोलावलं तर आम्ही संवर्धनवाले फक्त चिरे मोजतो.

प्रश्न : इतिहासात बीए आहे. पुढे काय?
उत्तर : पुण्यात डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए. तिथल्या प्राध्यापकांशी आधी बोला.

प्रश्न : पगार किती?
उत्तर : सुरुवातीला बेताचा. आकडा हवा असेल तर या कामात असलेल्या दोघा-तिघांना गाठा.