पहिली गाडी म्हणून जुनी बीएमडब्ल्यू? माझं मत : आत्ता नको

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय २७, हिंजवडीत नोकरी, लायसन्स मिळून आठ महिने, गाव कोरेगाव तालुक्यात. हातात १४ लाख, कर्ज काढायचं नाही. समोर २०१५ ची बीएमडब्ल्यू ३२०डी, डीएल म्हणजे दिल्ली पासिंग, ७२ हजार किलोमीटर, मालक साडेतेरा लाख म्हणतोय. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की वडिलांना एकदा या गाडीतून गावात उतरवायचंय.

त्या शेवटच्या ओळीसाठी हे सविस्तर लिहितोय. २०१७ साली मीही अशाच कारणासाठी सहा वर्षं जुनी जर्मन डिझेल सेदान घेतली होती.

मत आधी सांगतो. ही गाडी आत्ता घेऊ नका. गाडी वाईट आहे असं अजिबात नाही. १८४ अश्वशक्तीचं डिझेल, झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना. एक्सप्रेसवेवर ती जशी रस्ता धरून पळते तशी पंधरा लाखांतली कुठलीही नवी गाडी पळत नाही. अडचण दुसरीकडे आहे. ही गाडी नवी होती तेव्हा चाळीस लाखांच्या घरात होती. आता तिचा भाव उतरलाय, पण तिच्या पार्टचा भाव उतरलेला नाही. हेडलाइट, लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा दांडा), इंजेक्टर, सगळं अजून चाळीस लाखांच्या गाडीचंच आहे. मधल्या आकाराच्या एसयूव्हीच्या पैशात गाडी दारात येईल, पण सांभाळावी लागेल ती चाळीस लाखांचीच.

माझा हिशोब देतो, वहीत लिहून ठेवला होता. साडेअकरा लाखांना घेतली, २६ महिने वापरली. चार टायर ६८,०००. पुढचे लोअर आर्म आणि बुश ७४,०००. वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे, पाइप ५२,०००. बॅटरी कोडिंगसकट २४,०००. गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर ३८,०००. दोन वर्षांचा विमा ९०,००० आणि दोन सर्व्हिसिंग ४०,०००. झाले ३ लाख ८६ हजार, आणि यात डिझेल धरलेलं नाही. विकली पावणेसात लाखांना. विक्रीतला तोटा मिळवला तर महिन्याला ३३ हजार रुपये ती गाडी फक्त दारात असण्याचे झाले. हे सगळे कामाचे दर बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे आहेत, शोरूमचे नाहीत. आज सगळंच महाग झालंय.

यातला एकही खर्च अपघाताचा नव्हता हे बघा. कूलंटचंच घ्या. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, वडील पुढच्या सीटवर. खंबाटकीच्या चढाला लाल दिवा लागला आणि पुढच्या वळणाआधी बॉनेटमधून वाफ. गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक यायला सव्वादोन तास लागले, तोवर वडील कठड्याला टेकून उभे. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मेकॅनिकने इंजिनाला जोडलेला काळा प्लास्टिकचा पाइप बोटांत धरून नुसता दाबला, तर त्याचा पापडासारखा चुरा झाला. म्हणाला, "साहेब, इंजिन खणखणीत आहे. प्लास्टिक म्हातारं झालंय." त्या गाडीवर तेव्हा फक्त ५४ हजार किलोमीटर होते. त्यानंतर वडील गाडीत बसले की पट्टा लावायच्या आधी विचारायचे, "पाणी बघितलंस का?" गाडी विकेपर्यंत विचारत होते.

म्हणून तुम्ही ज्या ७२ हजारांवर भाळलाय त्यावर मी फारसा विसंबणार नाही. रबर, प्लास्टिक, सील हे किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं आणि उष्णता मोजतात. दहा वर्षं झालेली गाडी ही दहा वर्षांचीच असते.

आता याच गाडीतल्या दोन गोष्टींचं बोलू. २०१५ ची ३२०डी म्हणजे बहुधा एन४७ इंजिन. त्याची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी, पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन झिजली तर ती बदलायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिनच खाली घ्यावं लागतं, त्यामुळे पार्ट स्वस्त पडला तरी मजुरीच लाखाच्या दिशेने जाते. चेन तुटली तर इंजिनच गेलं. जास्त तक्रारी २०११ च्या आधीच्या इंजिनांच्या होत्या, नंतर कंपनीने सुधारणा केल्या, तरी गार इंजिन चालू करताना मागून धातू घासल्यासारखी खरखर येतेय का हे ऐकल्याशिवाय मी पुढचं बोलणार नाही. दुसरं गिअरबॉक्सचं ऑइल. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही" असं विकणारा सांगेल. ज्या झेडएफने तो गिअरबॉक्स बनवलाय ते स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदला म्हणतात. म्हणजे या गाडीचं ते काम तुमच्या खिशातून होणार.

डीएल पासिंगबद्दल. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यामुळे तिथली दहा वर्षांच्या उंबरठ्यावरची महागडी डिझेल वर्षानुवर्षं आपल्याकडे येत राहिली. स्वस्त दिसण्याचं मोठं कारण ते आहे. पण तिथून एनओसी आणून इथे एमएच नंबर घ्यायचा तर महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर भरावा लागतो. आपल्याकडे वीस लाखांवरच्या खासगी डिझेल गाडीला नवी घेताना कराचा दर १५ टक्के आहे, आणि बाहेरून आलेल्या गाडीला वयाप्रमाणे सूट धरूनही रक्कम लहान राहत नाही. दिल्लीच्या मालकाने तिथे भरलेला कर तुमच्या कामाचा नाही. "डीएलवरच चालवा हो, कोण विचारतंय" असं एजंट म्हणेल. कायद्याने दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला नवा नंबर घ्यावाच लागतो. आधी आरटीओत त्या गाडीचा कर किती बसेल ते काढा, तो आकडा साडेतेरात मिळवा आणि मगच ती स्वस्त आहे का ते ठरवा. बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का हेही तेव्हाच बघा.

पहिली गाडी हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आठ महिन्यांच्या हाताला गाडी घासणारच. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दुचाकीचं हँडल लागेल, सोसायटीच्या खांबाला बंपर लागेल. यात लाजण्यासारखं काही नाही, सगळे असेच शिकतात. पण साध्या हॅचबॅकचा बंपर आणि सेन्सर बसवलेला बीएमडब्ल्यूचा बंपर यांच्या बिलात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विमा आहे म्हणाल, तर दहा वर्षांच्या गाडीला झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि गाडीला दहा वर्षं उलटली की धातूच्या भागांवरही ५० टक्के. म्हणजे क्लेम मंजूर झाला तरी पार्टच्या बिलातले निम्मे पैसे तुमचेच. आणि गावाकडच्या रस्त्याचा विचार करा. या गाडीला रनफ्लॅट टायर असतात, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, आणि स्टेपनी बहुतेक नसतेच. खड्ड्यात आदळून साइडवॉलला फुगा आला तर कोरेगावच्या पंक्चरवाल्याकडे त्या मापाचा रनफ्लॅट मिळेल अशी आशा धरू नका.

जी व्यक्ती वीस हजारांच्या बिलाच्या भीतीने गाडी बाहेर काढत नाही, ती गाडी चालवायला शिकत नाही. मी तसाच झालो होतो. पावसात काढायची नाही, गणपतीत काढायची नाही, बाजारपेठेत न्यायची नाही. शेवटी भाजी आणायला बायकोची स्कूटर.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? पाच-सहा वर्षांची, पहिल्याच मालकाकडची, एमएच पासिंगची पेट्रोल होंडा सिटी किंवा आय२०, साधारण सहा-सात लाखांत. उरलेले सात लाख एफडीत. दोन वर्षं ती गाडी रोज, पावसात, घाटात, रात्री, सगळीकडे चालवायची. दोन वर्षांनी ती विकताना फार मोठा खड्डा पडत नाही. मग चार-पाच वर्षांची लक्झरी गाडी घ्या, कंपनीच्या प्रमाणित योजनेतून, म्हणजे बीएमडब्ल्यूची प्रीमियम सिलेक्शन, ऑडीची अप्रूव्हड प्लस वगैरे. पैसे जास्त जातील, पण वॉरंटी मिळते. आणि गाडीच्या किमतीच्या पाव हिश्शाएवढी रक्कम बाजूला, हात न लावता.

जुनी लक्झरी कोणालाच घेऊ नका म्हणत नाही. घरात एक भरवशाची गाडी आहे, ओळखीचा जर्मन गाड्यांचा मेकॅनिक आहे, आणि चार लाखांचं बिल आलं तर झोप उडणार नाही, अशा माणसाने खुशाल घ्यावी. त्यासारखा आनंद नाही, हे मी त्या २६ महिन्यांनंतरही म्हणतोय.

एवढं वाचूनही मन तिच्यातच असेल तर टोकन देऊ नका, आधी एवढं करा. चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून पूर्ण इतिहास काढा. या गाडीच्या किल्लीत किलोमीटरची नोंद साठते, सेंटरला ती वाचता येते, मीटर मागे फिरवला असेल तर तिथे उघडा पडतो. पुराच्या पाण्यात बुडालेली आहे का हे बघायला चारही पट्टे पूर्ण बाहेर ओढा आणि शेवटच्या वितीवर चिखलाची रेघ आहे का बघा. बूटचा तळ उचला, बॅटरी तिथेच असते, गंज आणि वास तिथे लपत नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सात वर्षांचे टायर असतील तर चार टायरचे पैसे आजच किमतीतून वजा करा.

आणि विकणाऱ्याला आदल्या रात्री फोन करून सांगा की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. शनिवारी मी मोकळा आहे, गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर माझ्याकडे आहे. आपण दोघं आठ वाजता जाऊ. बॉनेटवर हात ठेवून बघू. गरम लागलं तर कोणीतरी आपल्याआधी ती खरखर घालवलीय असं समजून तिथूनच परत फिरू.