विंडोज सोडून लिनक्स? आधी फॉन्टचं बघा

प्रश्न : वाईत माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिकाही करते. दोन जुने कॉम्प्युटर, दोन्हींवर विंडोज १०. विंडोज ११ त्यांवर चढत नाही. भाचा म्हणतो, ‘मावशी, लिनक्स टाक, फुकट आहे.’ टाकू का?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, भाच्याचं निम्मं ऐका. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी, पण फुकट मिळणारी प्रणाली. ती एकाच मशीनवर टाका.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालत राहील, पण तुमच्याकडे लोकांची आधार कार्डं, पासबुकं स्कॅन होऊन पडलेली असतात. अशा मशीनला सुरक्षेचे अपडेट हवेतच. विंडोज ११ टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बराच नवा प्रोसेसर मागतं, म्हणून ते चढत नाही. तेवढ्यासाठी धडधाकट मशीन भंगारात घालू नका.

फॉर्मचं बहुतेक काम ब्राउझरमध्ये होतं. त्या मशीनवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार टाका. फायरफॉक्स (ब्राउझर) आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं) सोबतच येतात, मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी निवडता येते. एमएस-सीआयटी केलेल्या कुणालाही दोन दिवसांत सवय होते.

खरी मेख पत्रिकांची. श्रीलिपी, कृतिदेव या फॉन्टमधल्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, नसतात. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट नसला की ‘शुभविवाह’च्या जागी नुसता इंग्रजी चिन्हांचा कचरा. फॉन्ट नेऊन टाकलात तर फाइल वाचता येईल, पण पत्रिका मांडायचे पेजमेकर, कोरलड्रॉ हे प्रोग्रॅम लिनक्ससाठी निघतच नाहीत. जुगाड करून चालवणारे भेटतील. ऐन लग्नसराईत त्यांच्या नादी लागू नका. पत्रिकांचं मशीन विंडोजवरच राहू दे, फक्त त्याचं इंटरनेट काढा. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्हही थेट त्याला लावू नका.

फॉर्मच्या मशीनवरही लगेच इन्स्टॉल नको. मिंट पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हात लागत नाही. तसं चालू करून एक प्रिंट काढा, एक कागद स्कॅन करा. जुने काही लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात. अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल, तर लिनक्सचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) आहे का, हे विकणाऱ्याला विचारा. ‘नाही’ म्हणाला, तर ते काम पत्रिकांच्या मशीनवर ढकलू नका, त्याचं नेट आपण काढलंय. मग त्या कामापुरतं विंडोज ११ चं एखादं सेकंडहँड मशीन घेणं परवडेल.

हे सगळं जमलं, तर फाइलींचा बॅकअप घेऊन भाच्याला बोलवा. पहिला महिनाभर फोन उचलायचं कबूल करून घ्या.