बाबासाहेबांच्या पाऊलखुणांवर पहिल्यांदा निघताय? मग हे आधी वाचा

जय भीम मित्रा, यादी बघितली तुझी, बाबासाहेबांचं जन्मगाव महू ते नागपूर सगळं आठ दिवसात, तर पहिलं सांगतो की निम्मी कापून टाक. सुरुवातीला बहुतेकजण हीच चूक करतात, सगळा वेळ गाडीत जातो आणि चवदार तळ्यावर फोटो काढण्यापुरती दहा मिनिटं उरतात.

दुसरं म्हणजे सनावळीप्रमाणे फिरायचा हट्ट नको. महाड 1927 (चवदार तळ्याचा सत्याग्रह), काळाराम 1930 (मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह), येवला 1935 (धर्मांतराची घोषणा), नागपूरची दीक्षाभूमी 1956 (बौद्ध धम्माची दीक्षा) हा क्रम वाचायला छान आहे पण रस्त्यावर तो चालत नाही. नकाशा बघून गट कर:

- दादरची चैत्यभूमी (बाबासाहेबांचं अंत्यसंस्कार स्थळ) आणि राजगृह (त्यांचं घर), एक दिवस
- नाशिकचं काळाराम मंदिर आणि येवल्याची मुक्तिभूमी, दोन दिवस
- महाड वेगळं, कोकण रेल्वेचं वीर स्टेशन जवळ पडतं

नागपूर पुढच्या खेपेला ठेव, खरंच.

तारीख नीट बघ. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तो अनुभव आयुष्यात एकदा घ्यायचाच, पण पहिल्याच वेळी नको, शांतपणे काही बघता येत नाही.

आणि जायच्या आधी त्या एका जागेबद्दल वीसेक पानं तरी वाचून जा. येवल्यात बघायला फार नाही असं लोक म्हणतात, पण 13 ऑक्टोबर 1935 ला तिथे बाबासाहेब काय बोलले हे माहीत असेल ना, तर पाय निघत नाही तिथून.

मुक्काम, बजेट वगैरे नंतर बोलू, आधी गट कुठला ते ठरव.