शेवट आधीच कळतो? कळू दे की!

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुन्या अमेरिकन हॉरर कॉमिक्सच्या पुनर्मुद्रणाचा एक जाड खंड घेतला, शनिवार-रविवारात संपवला, आणि आता तुम्हाला कळत नाहीये की लोक यासाठी एवढे वेडे का होतात, कारण भीती कुठेच वाटली नाही आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट दुसऱ्या पानावरच कळला. नवऱ्याने बायकोला मारून पुरलं की ती चिखल गाळत परत येणार, हे ठरलेलंच. शिवाय पुढचा खंड रंगीत घ्यावा की ब्लॅक अँड व्हाइट, हेही विचारलंय. ते नंतर सांगतो, आधी शेवटाचं बघू.

शेवट कळतो हे शंभर टक्के खरं आहे. मी वीसेक वर्षं ही कॉमिक्स वाचतोय, मला तर कधी कधी पहिल्या चौकटीतच कळतो. पण अख्खा खंड दोन दिवसांत संपवलात ना, तिथेच गडबड झाली. तुमच्या खंडात ईसीचे (ही कॉमिक्स काढणारी अमेरिकन प्रकाशन कंपनी) सहा अंक असतील, म्हणजे चोवीस गोष्टी. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'व्हॉल्ट ऑफ हॉरर' आणि 'हाँट ऑफ फिअर' ही तिन्ही ईसीने १९५० मध्ये सुरू केली, प्रत्येकाचा अंक दोन महिन्यांनी यायचा, अंकात चार गोष्टी, एकेक गोष्ट सहा ते आठ पानांची. तेव्हाच्या वाचकाला जे वर्षभर पुरलं ते तुम्ही दोन दिवसांत चापलंत, मग तोंड आंबट होणारच. दिवसाला एक गोष्ट, फार तर दोन. मी तर झोपायच्या आधी एक वाचतो आणि पुस्तक मिटतो.

दुसरं म्हणजे या गोष्टी कशा बनायच्या ते माहीत असलं की वाचायची नजरच बदलते. ईसीचा मालक विल्यम गेन्स वजन कमी करायच्या गोळ्या खायचा, त्याने त्याची झोप उडायची, मग रात्रभर कथा वाचत बसायचा आणि सकाळी ऑफिसला येताना कल्पनांच्या चिठ्ठ्या घेऊन यायचा. त्याचा संपादक-लेखक अल फेल्डस्टाईन त्यातली एखादी पसंत करायचा आणि त्याच दिवशी गोष्ट लिहायचा, तीही थेट चित्राच्या बोर्डावर, चौकटी पाडून. मग अक्षरं व्हायची, हाताने नव्हे तर साच्याच्या पेनने, म्हणून ईसीची अक्षरं अशी टाईप केल्यासारखी दिसतात. आणि हे सगळं झाल्यावर बोर्ड चित्रकाराकडे जायचा. म्हणजे बिचाऱ्याच्या हातात पान यायचं तेव्हा अर्धी जागा अक्षरांनी खाल्लेली असायची, मजकूर ठरलेला, चौकटींची संख्या ठरलेली, शेवट तर ठरलेलाच. आता उरलेल्या अर्ध्या जागेत तू काय करतोस ते दाखव! माझ्यासाठी सगळी मजा तिथे आहे. सनई-चौघडा ऐकताना राग कोणता ते कळलं म्हणून कोणी उठून जातं का?

ईसीचा चित्रकार ग्रॅहम इंगल्स घ्या. हा 'घास्टली' (म्हणजे भेसूर) अशी सही करायचा आणि ती त्याला शोभायची. त्याच्या चित्रात माणूस नुसता घाबरलाय असं नसतं, त्याच्या ओठांमध्ये लाळेच्या तारा ताणलेल्या असतात, बोटं मुळांसारखी वाकडी, कपडे अंगावर ओले चिकटलेले, आणि गंमत म्हणजे जिवंत पात्रंसुद्धा तळघरात महिनाभर ठेवल्यासारखी दिसतात. त्यामुळे शेवटी कबरीतून कोण येणार ते कळलेलं असलं तरी पहिल्या पानापासूनच सगळं सडायला लागलेलं असतं, येणारा फक्त उशिरा पोचतो. याच्या अगदी उलट जॉनी क्रेग. स्वच्छ रेषा, इस्त्रीचे सूट, नीटनेटकी घरं, आणि म्हणूनच त्याच्याकडे कुऱ्हाड दिसली की जास्त टोचते. दोघांची एकेक गोष्ट शेजारी ठेवून बघा. मजकूर वाचू नका, हाताने झाका आणि नुसती चित्रं बघत जा. निम्म्या वेळा मजकूर तेच सांगत असतो जे चित्रात दिसतंय, त्यामुळे काही बुडत नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे जी मी प्रत्येकाला वाचायला लावतो, जरी ती हॉररमध्ये मोजत नाहीत. ईसीच्याच १९५५ च्या 'इम्पॅक्ट'च्या पहिल्या अंकातली 'मास्टर रेस', चित्रकार बर्नार्ड क्रिगस्टाईन. त्याला सहा पानांची गोष्ट दिली होती, त्याने बारा पानं मागितली, भांडून आठ मिळाली. मग पठ्ठ्याने काय केलं, तर ठरलेल्या चौकटी कापून त्यांच्या अरुंद पट्ट्या केल्या. युद्धानंतरचं न्यूयॉर्क, भुयारी रेल्वेत बसलेला एक माणूस, समोर एक ओळखीचा चेहरा, आणि छळछावणीच्या आठवणी. पुढचं सांगत नाही. पण शेवटाकडे एक गाडी जाते, त्या पट्ट्यांमध्ये खिडकीतले चेहरे एकावर एक सरकवलेले आहेत, एकच चेहरा चार-चारदा, आणि कागदावर चक्क वेग दिसतो. आवाजही येतो म्हणालो तर हसाल. मी त्या पानावर पंधरा मिनिटं थांबलो होतो, गोष्ट वाचायला एकूण दहा लागली असतील.

विज्ञानकथा आणि फँटसीकडची 'जजमेंट डे' पण सोडू नका, १९५३, ईसीच्या 'वीअर्ड फँटसी'चा अंक १८, चित्रं जो ऑर्लँडोची. केशरी आणि निळ्या यंत्रमानवांचा ग्रह, निळ्यांना सगळीकडे दुय्यम वागणूक, आणि पृथ्वीवरून आलेला तपासनीस त्यांना आकाशगंगेच्या संघात घ्यायचं की नाही हे ठरवणार. अख्खी गोष्ट तो हेल्मेटमध्ये आहे. शेवटच्या चौकटीत यानात बसून हेल्मेट काढतो, तर तो काळा माणूस आहे, कपाळावर घामाचे थेंब चमकताहेत. बस्स, एवढंच. १९५६ मध्ये हीच गोष्ट पुन्हा छापायची होती तर कॉमिक्स कोडवाल्यांनी नायक काळा नको म्हणून हरकत घेतली, गेन्स बधला नाही, आणि गोष्ट आहे तशी छापली. तो ईसीचा जवळजवळ शेवटचाच कॉमिक अंक.

कोड म्हणजे काय ते थोडक्यात. १९५४ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे पोरं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, अमेरिकन सिनेटच्या समितीने सुनावणी घेतली, आणि गेन्स आपणहून साक्ष द्यायला गेला. सिनेटर कीफॉव्हरने बाईचं कापलेलं मुंडकं असलेलं एक मुखपृष्ठ दाखवून विचारलं, हे तुम्हाला सुरुचीला धरून वाटतं का, तर हा म्हणाला हो, हॉरर कॉमिकच्या मुखपृष्ठासाठी आहे. मुंडकं आणखी वर धरून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर ते वाईट झालं असतं. प्रामाणिक उत्तर, पण पेपरवाल्यांना आयतं कोलीत मिळालं. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवरच कोड लादून घेतला, नावात 'हॉरर' आणि 'टेरर' बंद, व्हॅम्पायर बंद, चालती प्रेतं बंद. ईसीकडे शेवटी 'मॅड' हे विनोदी मासिक तेवढं राहिलं. तुमचा खंड वाचताना हे डोक्यात असू द्या, शेवटच्या वर्षातल्या अंकांवर कसला दाब होता ते दिसायला लागतं.

मग दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, प्रकाशक जेम्स वॉरनने 'क्रीपी' काढलं. मासिकाचा मोठा आकार, आत ब्लॅक अँड व्हाइट, आणि मासिक म्हटल्यावर कॉमिक्सचा कोड लागूच होत नाही, अशी सरळ पळवाट. ईसीचे अर्धे चित्रकार तिथे परत दिसतात, मुखपृष्ठांवर फ्रँक फ्रझेटा, आणि संपादक-लेखक आर्ची गुडविन, ज्याचं लेखन मला खरं सांगायचं तर फेल्डस्टाईनपेक्षा आवडतं, कारण तो गप्प बसतो आणि चित्राला बोलू देतो. चित्रकार स्टीव्ह डिटकोची इथली कामं बघा. 'कलेक्टर्स एडिशन' म्हणून एक आहे, १९६६ ची, दुर्मिळ पुस्तकामागे लागलेल्या माणसाची गोष्ट (आपल्यासारख्यांनी जरा जपूनच वाचावी), सगळं बारीक तिरप्या रेषांनी भरलेलं आणि मधे मधे एक अरुंद चौकट, तिच्यात फक्त डोळे. ते डोळे का आहेत ते शेवटी कळतं, आणि मग तुम्ही सगळी पानं परत मागे उलटता. बघा, इथे शेवट कामाचा आहे, पण तो तुम्हाला मागे पाठवतो म्हणून.

वॉरनचे खंड घ्याल तर वाचकांची पत्रं आणि फॅन क्लबची पानं असलेलेच घ्या. लोक ती पानं उडवून पुढे जातात, करू नका. 'क्रीपी'च्या नवव्या अंकात एका वाचक पोराने पाठवलेलं थडग्याच्या दगडाचं चित्र छापलंय, दगडावर नाव कोरलंय बर्नी राईटसन. आठ वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच 'क्रीपी'त राईटसनने 'जेनिफर' काढली. एका माणसाने जंगलात एका मुलीला वाचवलं, आणि ती मुलगी, जाऊ दे, ही गोष्ट मात्र रात्री वाचू नका. तुम्ही म्हणालात ना भीती कुठेच वाटली नाही म्हणून?

फँटसीत थोडक्यात सांगायचं तर मार्व्हलचा तलवारबहाद्दर 'कोनन', १९७० पासूनचा. त्याचा चित्रकार बॅरी स्मिथ पहिल्या अंकात दुसऱ्यांची नक्कल करणारा नवखा पोरगा आहे आणि विसाव्या अंकापर्यंत एकेक वेल, एकेक दागिना काढत बसणारा वेगळाच माणूस झालाय, आणि हे अंक सलग एकत्र असल्याशिवाय दिसत नाही. तलवारबाजी मला फारशी आवडत नाही, त्यासाठी वाचतो. १९७४ चं कोननचंच 'सॅव्हेज स्वोर्ड' ब्लॅक अँड व्हाइट आहे, त्यात जॉन ब्युसेमाच्या पेन्सिलीवर फिलिपिनो आल्फ्रेडो अल्काला शाई करतो, एकेक दगड असा की हात लावून बघावा. याचे हक्क या प्रकाशकाकडून त्या प्रकाशकाकडे फिरत असतात, त्यामुळे हवा तो खंड दिसला की घेऊन टाका, नंतर हात चोळत बसाल.

आता रंगाचं. ही कॉमिक्स हलक्या, पिवळट, शाई पिणाऱ्या कागदासाठी रंगवलेली होती. मूळ तीन रंग, प्रत्येकाच्या ठरलेल्या छटा, सगळे मिळून साठेक रंग, तेही सपाट. ईसीची रंगकार मरी सेव्हरिन एखादी अख्खी चौकट नुसत्या निळ्यात किंवा लालमध्ये टाकायची आणि तो निळा पानावर थंडगार बसायचा. तेच रंग आज चकचकीत पांढऱ्या आर्टपेपरवर छापले की बटबटीत होतात, डोळ्यात जातात. आणि काही खंडांत तर कॉम्प्युटरवर नव्याने रंगवून गालावर चकाकी, आकाशात छटा, असं करून ठेवलंय, म्हणजे इंगल्सच्या भुताला फेशियल केल्यासारखं. मला नाही चालत. तुम्हाला चालत असेल तर हरकत नाही, पण मग मॅट कागद आहे का तेवढं बघा.

ईसीपुरतं माझं मत स्पष्ट आहे, ब्लॅक अँड व्हाइट. गेन्सने जवळपास सगळी मूळ चित्रं जपून ठेवली होती, त्या काळी कोणी असं करत नसे, त्यामुळे प्रकाशक रस कॉक्रनने १९७० च्या दशकाच्या शेवटी जे मोठ्या आकाराचे संच काढायला सुरुवात केली ते थेट मूळ चित्रांवरून. २०१२ पासून फँटाग्राफिक्स या प्रकाशनाने चित्रकारवार ब्लॅक अँड व्हाइट खंड काढलेत, एका खंडात एकच हात. तुम्ही तिथूनच सुरू करायला हवं होतं. वॉरन मुळातच ब्लॅक अँड व्हाइट, तिथे प्रश्न नाही. कोनन रंगीत घ्या, पण जुने सपाट रंग ठेवलेला.

एक सावधगिरी. ईसी सोडून १९५० च्या दशकातले बरेच छोटे प्रकाशक बुडाले, अठ्ठावीस वर्षांनी कॉपीराईटचं नूतनीकरण करायला कोणी उरलंच नाही, त्यामुळे तो माल आता सगळ्यांसाठी मोकळा आहे. कोणीही उठतो, स्कॅन गोळा करतो आणि पुस्तक छापतो. काही जण जीव ओतून करतात, काही नुसते ओततात. मी एकदा असाच एक जाडजूड खंड घेतला, नाव सांगत नाही. बांधणी इतकी घट्ट की आतल्या बाजूच्या चौकटी शिवणीत गेलेल्या, आणि एका गोष्टीचं शेवटचं पानच नाही. मेणाच्या पुतळ्यांच्या दालनात रात्रभर थांबायची पैज लावलेला माणूस, चौकीदार बाहेरून कुलूप लावून जातो, बारा वाजतात, एक पुतळा मान वळवतो, पान उलटलं तर थेट पुढची गोष्ट सुरू. प्रकाशकाला ईमेल केला, उत्तर नाही.

त्या रात्री झोप येईना. मी त्या गोष्टीचे चार शेवट रचले. पुढे सवयच लागली, शेवटचं पान उलटायच्या आधी थांबायचं आणि आपण काय केलं असतं ते ठरवायचं, मग बघायचं. तुम्हीही करून बघा, शेवट कळला म्हणून जो राग येतो तो बराचसा जातो, कारण मग आपण चित्रकाराच्या बाजूला जाऊन बसतो. बरं, त्या गोष्टीचं सातवं पान मला काही वर्षांनी एका स्कॅनमध्ये सापडलं. माणूस दचकून जागा होतो, सगळं स्वप्न असतं. हात्तिच्या! मी अजूनही माझाच शेवट धरून चालतो, चौकीदारच मेणाचा होता.