तंग आवळताना घोडी चावायला धावते, खोगिराखाली जाड पॅड घ्यावा का?

सारंगखेड्याहून आणलेली मारवाडी घोडी, ऑनलाइन मागवलेलं कानपुरी खोगीर, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळायला घेतला की ती कान पाडून चावायला धावते आणि अर्ध्या तासाच्या रपेटीत तुमची कंबर धरते, असं तुम्ही लिहिलंय. पॅड घेऊ नका, निदान आत्ता तरी. खोगीर अरुंद असेल तर पॅडमुळे ते आणखी आवळतं, रुंद असेल तर दुखणं फक्त झाकलं जातं.

आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. पोटात अल्सर असला तरी घोडी तंगाला अशीच चिडते, आणि तेव्हा कितीही चांगलं खोगीर घातलंत तरी उपयोग नाही. तंगाखाली गोचीड किंवा चट्टा आहे का, तेही बघून घ्या.

मग घोडी सपाट जागी उभी करा आणि खाली काहीही न घालता नुसतं खोगीर ठेवा. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर थोडं पुढेच टेकवून केसांच्या दिशेने मागे सरकवत आणा. ते आपोआप अडेल, तीच त्याची जागा. आपल्याकडे बहुतेक जण खोगीर फार पुढे चढवतात (फोटोत रुबाबदार दिसतं!). पण घोडी पुढचा पाय टाकते तेव्हा फऱ्याचं, म्हणजे खांद्याच्या पसरट हाडाचं, वरचं टोक मागे येतं आणि दर पावलाला खोगिराच्या कडेवर आपटतं. शिवाय खोगिराचं पुढचं टोक उचललं जातं, बैठकीचा खोलगट भाग मागे जातो. तुम्ही मागे घसरता, पाय पुढे जातात आणि खुर्चीत बसल्यासारखे हिंदकळता. तुमच्या कंबरेचं आणि तिच्या चावण्याचं मूळ एकच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

मारवाडीचा उंचवटा चांगलाच उठावदार असतो. म्हणून ट्री, म्हणजे आतला सांगाडा, रुंद असला की खोगीर पुढून खाली बसतं. तुम्ही वर बसलेले असताना उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. मागून पाहिलं तर मणक्यावरचा बोगदा (खोगिराखालची मधली पोकळी) शेवटपर्यंत मोकळा दिसावा. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. शेवटची बरगडी हाताने चाचपून वर मणक्यापर्यंत माग काढा. खोगिराची गादी, म्हणजे पाठीला टेकणारा खालचा भाग, त्याच्या अलीकडे मानेच्या बाजूलाच संपायला हवी. साडेसतरा इंची बैठक तुम्हाला सोयीची असली तरी आखूड पाठीच्या घोडीवर ती बसेलच असं नाही, आणि तिथे घोडीचंच ऐकावं लागतं.

रपेटीनंतर खोगीर काढून घाम बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब जास्त पडतोय, नाहीतर गादी टेकतच नाहीये. हाताने दाबून पाहा. उंचवट्याच्या बाजूंना पांढरे केस असतील तर ती बहुधा जुन्या खोगिराची जखम आहे, विकणारा जन्मखूण म्हणाला तरी.

खोगीर बदलायचं ठरलं तर चित्रकलेच्या दुकानात मिळणारी लवचीक पट्टी घ्या, ती उंचवट्यामागे घोडीच्या पाठीवर दाबून आकार घ्या, तो पुठ्ठ्यावर काढा आणि कारागिराला पाठवा. घोडी अंगाने भरली की हाच आकार बदलतो, त्यामुळे सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

फोटो टाकलात तर बघून सांगतो. एक बाजूने, एक मागून, दोन्ही पॅडशिवाय आणि तंग सैल ठेवून.